आपण पुढे व्हा, मी मागे आहे

सर आमच्याकडे राहायला आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सांजेला मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला गेली. पाण्याच्या टाकीआडून आवाज आला, "आपण कृपया झाडामागे लपा. आपल्यावर गोळीबार होतो आहे."

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं. आमचं घर शहापूरला, नागपूरच्या हायवेच्या कडेला. ट्रकांचे भोंगे, ढाब्यावरची गाणी, वरातीतले फटाके, सगळं ऐकून कान पक्के झालेले. पण गोळीबार, आणि तोही 'कृपया' लावून, हे नवीन होतं. मी हळूच वाकून पाहिलं. सर लाकडी पाटावर मांडी घालून बसले होते. कानावर मोठमोठाले हेडफोन, हातात मोबाईल, आणि चेहरा असा गंभीर की पूजेला बसलेत असं वाटावं. "जबलपूरवाले, आपण फार धाडस करता. आपण जरा थांबावं अशी माझी विनंती आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "अरेरे. हलू नका. मी येतोय."

मी खाली आली आणि माझी जाऊ शेवंता, जी भिंतीपलीकडेच राहते, तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, भाडेकरू तपासून ठेवत जा वो. हा एक तं पोलीस असन, नाही तं येडा."

दोन्ही नव्हतं. सर हायवेवरच्याच एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवत आणि मोबाईलवर पोरांसोबत लढाईचा गेम खेळत. खेळत म्हणजे अभ्यास करत. चार-चार जणांची टोळी, एक पोट्टा जबलपूरचा, एक तुमसरचा, एक आणखी कुठला. समोरासमोर कोणी कोणाला पाहिलेलं नाही. त्यात पुढारी कोण होतो, कसा होतो, पोरं कोणाचं ऐकतात आणि कोणाचं नाही, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आणि गंमत अशी की ज्याला त्याला ते 'आपण' म्हणत. पलीकडून आवाज फुटलेला नाही असं लेकरू शिव्या घालतंय, आणि इकडून सर म्हणताहेत, "आपला मुद्दा बरोबर आहे, पण आधी आपण खिडकीतून बाजूला व्हा."

त्यांचं 'आपण' काही गेमपुरतं नव्हतं. शेवंताची बकरी आमच्या जिन्यात येऊन बसायची. आम्ही तिला हाड् करून हाकलायचो. सर तिच्यापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आपण आधी जा." ती जायची नाही. मग सर उभेच. एकदा मी म्हटलं, सर, तुमचं कॉलेज सुटून जाईन इथंच. तर म्हणाले, "काकू, तिनं अजून ठरवलं नाही. हे नोंद घेण्यासारखं आहे."

हे त्यांचं वाक्य. दिवसातून किती वेळा म्हणत त्याला गणती नाही. कुकरची शिट्टी वेळेआधी झाली, नोंद घेण्यासारखं आहे. भाजीवाली एकीला कोथिंबीर फुकट देते आणि दुसरीला नाही, नोंद घेण्यासारखं आहे. पण त्यांच्याजवळ वही म्हणा, पेन म्हणा, मला कधी दिसलं नाही. नोंद कुठं घेत होते ते त्यांनाच माहीत.

उंच होते, आणि चालताना मान खाली घालून चालत, जसं काही सगळ्या जगाची दारं ठेंगणी आहेत. चहा थंड करून पीत. गरम चहा पिताना माणूस समोरच्याचं ऐकत नाही, नुसता चहाशी भांडत बसतो, असं त्यांचं म्हणणं. चपला जिन्यावर काढत, एक खालच्या पायरीवर आणि एक वरच्या. का, तर उतरताना पाय जिथं पडतो तिथं चप्पल असली पाहिजे. बकरीला हे मान्य नव्हतं. ती एक चप्पल रोज अंगणात नेऊन टाकायची आणि सर रोज ती उचलून आणून त्याच पायरीवर ठेवायचे. कधी चिडले नाहीत. चिडायचं असतं हेच त्यांना कोणी शिकवलं नव्हतं बहुतेक.

आता त्यांच्या तोंडी सारखं असायचं ते टॅलेंट मॅनेजमेंट. मी शिकलेली नाही, वाचायला आपलीआपण शिकली, म्हणून मला ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही तो मी विचारल्याशिवाय सोडत नाही. मी विचारलं, हे काय असतं? सर म्हणाले, ज्याच्यात जे आहे ते ओळखायचं आणि त्याला तिथं ठेवायचं. मी म्हटलं, अहो, हे तं लग्नघरात आम्ही करतोच. त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं मी चूक बोलली. म्हणाले, "काकू, मला एकदा पूर्ण कार्यक्रम द्या."

तेव्हा माझ्या नातवाचं बारसं होतं. दिलं. सरांनी आठवडाभर सगळ्या घरादाराचं निरीक्षण केलं आणि कामं वाटली. माझे दीर, म्हणजे शेवंताचे मालक, प्रत्येक कार्यात रुसतात. पाणी आधी दुसऱ्याला दिलं म्हणून रुसतात, हाक उशिरा मारली म्हणून रुसतात. सरांनी त्यांना चव पाहणारे प्रमुख केलं. त्यांच्या जिभेनं हो म्हटल्याशिवाय एक वाटी बाहेर जाणार नाही. माणूस जन्मात पहिल्यांदा रुसला नाही. मात्र लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची चव त्यांनी इतक्या वेळा पाहिली की वडे पाहुण्यांना पुरतात की नाही याची मला धास्ती पडली.

आणि शेवंता. तिची जीभ गोड, म्हणून सरांनी तिला वरण वाढायला लावलं, पाहुण्यांशी दोन शब्द बोलेल म्हणून. इथं त्यांचं गणित चुकलं. शेवंता दोन शब्द बोलून थांबणारी बाई नाही. पंगतीत पहिलाच पाहुणा सिहोऱ्याचा निघाला, तिच्या माहेरच्या बाजूचा. हिनं वरणाची बादली खाली ठेवली आणि त्याच्या आजेसासूपासून सुरू केलं. पुढची सगळी पंगत भातावर बोटं फिरवत बसली.

मी सरांना म्हटलं, जरा ओरडा तिच्यावर. ते गोठ्याजवळ भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "आत्ता सगळ्यांपुढे हाक मारली तर त्या पुन्हा कधी वाढायला उभ्या राहणार नाहीत." मग त्यांनी दुसरी बादली घेतली आणि शेवंताच्या पाठीमागून, तिला दिसणार नाही असे, वाकून वाकून उरलेल्या पंगतीला वरण वाढून आले. शेवंता आजेसासू आटोपून उठली तोवर सगळे जेवत होते. ती आजही सांगते की नातवाच्या बारशाला सगळं वरण तिनं एकटीनं वाढलं. आता हे वाचून तिला कळेल.

संशोधनातलं मला जे समजलं ते एवढंच होतं. सर म्हणत, लोकांना वाटतं पुढारी म्हणजे जो पुढे असतो तो. गेममध्ये पाहिलं तर पुढे पळणारा लवकर पडतो आणि त्याच्यामागे टोळीही पडते. टिकते ती टोळी, जिच्यात एक जण मागे असतो आणि ज्याला सगळे दिसत असतात. खेळात पडलेल्याला थोडा वेळ जीव असतो. कोणी जाऊन हात लावला तर तो पुन्हा उठतो, नाही गेलं तर संपला. सर नेहमी जायचे. स्वतः मरायची पाळी आली तरी जायचे. "आपण पुढे व्हा, मी मागे आहे," हे त्यांचं त्या खेळातलं वाक्य. मला ते स्वयंपाकघरात बसूनही पाठ झालं होतं.

आणि संस्कृतीचं काय, म्हणून मी विचारलं, कारण संशोधनावर ते जो पेपर लिहीत होते त्याच्या नावात तोही शब्द होता. तर म्हणाले, आपल्याकडची पोरं अनोळखी पोराशी खेळताना दुसऱ्या डावाला त्याला भाऊ म्हणतात, तिसऱ्याला मामा. आणि एकदा मामा म्हटलं की त्याला पडलेला टाकून जाता येत नाही. मी म्हटलं, सर, याले अभ्यास कायले लागते, हे तं आमाले माईत आहे. तर हसून म्हणाले, "माहीत आहे काकू, पण अजून कोणी लिहिलं नाही."

इतका हा शहाणा माणूस, पण एक अडचण होती, आणि ती मोठी होती. चार डोळे एकदम आपल्याकडे पाहताहेत असं दिसलं की त्यांचा आवाज बंद व्हायचा. बसायचा नाही, बंदच व्हायचा, नळ बंद होतो तसा. एकट्या माणसाशी बोलत. गेममध्ये तर झरझर बोलत, कारण तिथं कोणी पाहत नाही. घोळक्यासमोर मात्र काही नाही. मग शिकवत कसे? तर वर्गाच्या मागच्या भिंतीला उभे राहून शिकवत. पोरं फळ्याकडे तोंड करून बसायची, आणि सर मागून बोलायचे. फळ्यावर लिहायचं असलं तर एखाद्या पोरीला पुढे पाठवायचे. म्हणायचे, "आपण लिहा, मी मागे आहे." त्यांचे विद्यार्थी घरी यायचे ते सांगायचे की या तासाला झोपताच येत नाही. सर कोणाकडे पाहताहेत ते कळतच नाही, म्हणून सगळे सरळ बसतात.

कॉलेजवाल्यांना हे पटणं शक्य नव्हतं. प्राचार्य मॅडम तशा भल्या. मी त्यांना भेटली आहे, गोंदियाकडच्या आहेत, बोलायला मोकळ्या. पण त्यांच्या वरही लोक होते. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं की यंदा आपल्याच कॉलेजात मोठा सेमिनार आहे, बाहेरचे पाहुणे येतील, त्यात तुम्ही स्टेजवर उभे राहून आपलं संशोधन मांडा. मांडलं तर नोकरी पक्की करता येईल. नाही तर पुढच्या वर्षी माझ्या हातात काही राहणार नाही. याआधी दोन सेमिनारांना सर नागपूरला जाऊन न बोलता परत आले होते. एकदा म्हणे माईक बिघडला, एकदा म्हणे वीज गेली. मला तेव्हाच शंका आली होती, सरांच्याच वेळी नागपूरची वीज कशी जाते म्हणून.

हे सगळं त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, एक पाय खालच्या चपलेत, एक वरच्या. शेवटी म्हणाले, "काकू, मला ही नोकरी हवी आहे. मला या पोरांमध्ये राहायचं आहे." इतकं सरळ ते कधी काही मागत नसत. मी म्हटलं, उद्यापासून आमाले शिकवा. आमच्यासमोर बोलून पाहा, म्हणजे सवय होईन.

मग रोज दुपारी आमच्या ओसरीवर सेमिनार. आम्ही बायका लाखोळी निवडायला बसायचो आणि सर समोर उभे राहायचे. पहिल्या दिवशी "आदरणीय" एवढंच म्हणाले. आम्ही अर्धं सूप निवडलं तरी पुढचा शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पाठ केली, हेडफोन चढवले आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. अहो, काय बोलले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं.

शेवंता म्हणाली, "मास्तर, आमाले तोंड तं दाखवा. पाठ पाहू पाहू आमची लाखोळी निवडून झाली."

सर वळले आणि नळ बंद.

आम्ही सगळे उपाय केले. मी म्हटलं, डोळे मिटून बोला. ते डोळे मिटून ओसरीवरून खाली पडले. शेवंता म्हणाली, आमाले बकऱ्या समजा. सर म्हणाले, त्यांना बकरीची जास्त भीती वाटते, कारण ती ठरवायला वेळ घेते. मग आम्ही तोंडावर पदर ओढून बसलो. तर बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं कोणी गेलं की काय. दोघी-तिघी विचारायलाही आल्या.

मला आमचे हे आठवायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते दंडारीत बाईचा पार्ट करायचे. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, पाहुण्यांनी घर भरतं, आणि मंडईत दंडार असतेच, गाणं, नाच, सोंग सगळं त्यात. हे लुगडं नेसून तयार झाले की थरथर कापायचे. मला म्हणायचे, मी नाही जात. पण एकदा का उभे राहिले आणि कोणी इनाम दिलं की संपलं. इनाम म्हणजे पाहणारा उठतो, दहा-वीस रुपयांची नोट सोंगाच्या छातीवर पिनेनं टोचतो, आणि माईकवर नाव घेतलं जातं, अमक्या गावच्या अमक्याकडून इतके. एकदा नोट लागली की यांचे पाय कापायचे थांबायचे. मग यांना खाली बसवायला माणसं लागायची. हे म्हणायचे, नोटेचं काही नाही, पण समजते की बाप्पा, समोर एक तरी आपला माणूस बसला आहे.

सेमिनारच्या दिवशी सरांनी मला आणि शेवंताला सोबत चला म्हटलं. एकच विनंती केली, "आपण मागच्या ओळीत बसा." आम्ही नवी लुगडी नेसलो. कॉलेजचं सभागृह म्हणजे थंडगार, एसी लावलेला, खुर्च्यांना गाद्या. शेवंता बसल्याबसल्या म्हणाली, "बाई, इथं निवडायले काई आणलं असतं तं बरं झालं असतं." स्टेजवर पाहुणे, फुलं, पाण्याच्या बाटल्या, प्राचार्य मॅडम मध्ये. एकामागून एक लोक येऊन बोलत होते. पडद्यावर चित्रं, बाण, गोल. मी लक्ष देऊन ऐकलं, पण खरं सांगते, माझा जीव सगळा पहिल्या ओळीतल्या त्या वाकलेल्या मानेवर होता.

सरांचं नाव पुकारलं. ते स्टेजवर चढले, दार नव्हतं तरी मान खाली घालून. पडद्यावर पेपरचं नाव आलं, टॅलेंट मॅनेजमेंट, संस्कृती आणि गेममधलं नेतृत्व. सर माईकसमोर उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आदरणीय."

झालं. नळ बंद.

आधी लोकांना वाटलं कागद पाहताहेत. मग वाटलं माईक गेला. एक जण येऊन माईकवर टकटक करून गेला. माईक चांगला होता. मॅडम हळूच म्हणाल्या, सर, सुरू करा. सरांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला मागच्या ओळीतून त्यांचे हात दिसत होते. ते थेट आमच्या यांच्या हातांसारखे थरथरत होते.

त्यापुढे मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. माझ्या बांगडीत नेहमी दोन-तीन पिना अडकवलेल्या असतात. कमरेच्या पिशवीत दहाची नोट होती. मी उठली ती सरळ मधल्या वाटेनं चालत गेली, पायऱ्या चढली, सरांच्या कोटावर नोट ठेवली आणि पिन टोचली. मग माईककडे तोंड करून जसं मंडईत म्हणतात तसं मोठ्यानं म्हटलं, "शहापूरच्या घरमालकिणीकडून सरले दहा रुपये इनाम."

स्टेजवरचे पाहुणे माझ्याकडे पाहताहेत, मी त्यांच्याकडे पाहते आहे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाई, ही मंडई नाही. आणि तेवढ्यात मागच्या ओळीतून शेवंताचा आवाज आला. तिला माईक लागत नाही.

"बाई, पयले बोलू तं द्या त्याईले. इनाम मंग देतेत वो."

आधी पोरं हसली. ती सगळी करडी, मोहाडी, तुमसरकडची, मंडई पाहून मोठी झालेली. त्यांना सगळं कळलं. मग मॅडम हसल्या, त्या तर आमच्याच मुलखातल्या. मग न कळता पाहुणेही हसले. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी सरांकडे पाहिलं. ते मान वाकवून आपल्या छातीवरची नोट पाहत होते.

"हे," ते म्हणाले, आणि आवाज माईकमधून बाहेर आला, "नोंद घेण्यासारखं आहे."

मग त्यांनी काय करावं? माईक दांड्यातून काढला, हातात घेतला, मला हात देऊन पायऱ्या उतरवल्या, आणि माझ्यासोबत चालत चालत सभागृहाच्या पार मागे आले. शेवंताच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभे राहिले. लोक माना वळवून पाहायला लागले. सर म्हणाले, "आपण सगळे कृपया पुढे पाहा. मी मागे आहे. माझ्या संशोधनाचा विषय हाच आहे, की पुढाऱ्यानं उभं कुठं राहावं."

माना पुढे वळल्या. आणि मग ते बोलले. ओसरीवर भिंतीशी बोलत होते तसे, पण आता हेडफोन नव्हते. गेममधल्या टोळ्या, जबलपूरवाल्याचं धाडस, तिसऱ्या डावाला मामा होणारा अनोळखी पोरगा, कोणाला कुठं ठेवावं आणि ठेवताना आपली चूक कशी होते. बारशाची पंगतसुद्धा सांगितली, नाव न घेता, एका घरी एक गोड जिभेच्या बाई होत्या म्हणून. शेवंता माझ्या कानात म्हणाली, "अशा बाया असतेत वो, काम सोडून बोलत बसतेत." मी पदर तोंडाला लावला.

वेळ संपल्याची घंटा वाजली, ते थांबले नाहीत. दुसऱ्यांदा वाजली, तेव्हा पाहुण्यांतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, बोलू द्या. सर्वांत शेवटी सरांनी सांगितलं की आत्ता स्टेजवर एक खेळाडू पडला होता आणि सगळं सभागृह त्याच्याकडे पाहत होतं. एक जण मागच्या ओळीतून उठून आलं. "संस्कृती म्हणतात ती हीच असावी," ते म्हणाले. मला खरं तर संस्कृतीचं काही माहीत नव्हतं. मला फक्त हात थरथरताना दिसले होते.

टाळ्या झाल्या. पण खरी गंमत टाळ्यांनंतर. पोरं एकेक करून उठली, मागे आली, आणि सरांच्या कोटावर नोटा टोचायला लागली. पोरींच्या ओढण्यांच्या पिना संपल्या तशी मी माझ्या बांगडीतल्या दिल्या. सगळ्यात शेवटी मॅडम आल्या. पर्स शोधून नोट काढली, पिन लावली आणि माईकवर म्हणाल्या, "प्राचार्यांकडून दहा रुपये इनाम, आणि बाकीचं ऑफिसात बोलू." सर मान खाली घालून उभे. कोट असा दिसत होता की आमच्या यांना हेवा वाटला असता.

नोकरी पक्की झाली. सर आणखी तीन वर्षं आमच्याकडे राहिले. वर्गात मागूनच शिकवलं, कोणी काही म्हटलं नाही. मग त्या दिवशीचे ते वयस्क गृहस्थ, ज्यांनी बोलू द्या म्हटलं होतं, त्यांनी आपल्याकडे, पुण्याच्या बाजूला, सरांना बोलावून घेतलं. मोठी जागा होती, पोरंही तिथं होतीच. मीच म्हटलं, जा. बकरी त्या दिवशी जिन्यात बसली होती, ती त्यांना पाहून आपणहून उठली. सर म्हणाले, ठरवलं वाटतं. चपला घातल्या आणि गेले.

आता त्यांची आठवण आली की मी फोन करते. पण फोनवर सर म्हणजे काय, हो काकू, नाही काकू, बरं काकू. समोरासमोर नाही, गेम नाही, मग त्यांच्या तोंडून बोलणं निघणार कसं? जाण्याआधी त्यांनीच माझ्या मोबाईलमध्ये तो खेळ टाकून दिला होता आणि शिकवलाही होता. म्हटलं, पाहू. शेवंताच्या सुनेनं हेडफोन आणून दिले. तेव्हापासून सांजच्याला मिरच्या उचलून झाल्या की मी टाकीआड पाटावर बसते. हायवेवरून जाणाऱ्यांना काय वाटत असेल ते वाटो. टोळीतली पोरं मला आजी म्हणतात आणि आधी खूप हसली होती. मला पळता येत नाही, बंदूक भलतीकडेच चालते, आणि बहुतेक डाव मी झुडपात बसूनच काढते. पण त्यात सर बोलतात. तब्येत विचारतात, बकरीचं विचारतात, तिकडच्या पोरांचं सांगतात, मधूनच म्हणतात, "जबलपूरवाले, आपण डावीकडे."

काल मी झुडपात बसली होती. सर म्हणाले, "काकू, समोर घर आहे, तिथं सामान आहे. आपण जा."

मी म्हटलं, "सर, मले भेव वाटते."

"आपण पुढे व्हा," ते म्हणाले, "मी मागे आहे."

मी पुढे झाली. दारापर्यंत पोचली नाही तोच कुठूनशी गोळी आली आणि मी धाडकन पडली. पडदा लाल झाला, श्वास मोजत असल्यासारखा आवाज यायला लागला. एक पोट्टा ओरडला, आजी गेली. आणि मग कानात तो आवाज आला, शांत, ओसरीवर यायचा तसा.

"काकू, हलू नका. मी येतोय."